पट्टा थांबतो तेव्हा

बिस्किटांच्या पट्ट्यावरून त्या दिवशी चक्क एक पेन्सिल आली.

भिंगरीचे हात काही थांबले नाहीत. थांबणार कसे? पट्टा थोडाच थांबतो कुणासाठी! डाव्या हाताने रांग सरळ करायची, उजव्याने मोडकं बिस्कीट उचलून टोपलीत टाकायचं... हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की झोपेतही तिची बोटं चालतात, असं वहिनी म्हणायची. भिंगरी हे नाव कारखान्यातल्या बायकांनीच ठेवलेलं. तर तिने ती पेन्सिलही मोडक्या बिस्किटासारखीच अलगद उचलली आणि मागे धरली.

"कुणाचं हो हे? जरा जास्तच भाजलंय."

"माझं..." मागून ओशाळा आवाज आला. "म्हणजे, माझी. निसटली हातातून."

तिने वळून पाहिलं. स्टुलावर एक तरुण बसला होता, मांडीवर कागद, नाकावर चष्मा. कारखान्याच्या वर्धापनदिनासाठी मालकांनी चित्रकार बोलावलाय, हे तिच्या कानावर आलं होतं. डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क हा नियम त्यालाही होता. पण मास्क चढवला की चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तो तोंडाऐवजी हनुवटीवर असायचा आणि सुपरवायझरबाई येताजाता त्याला झापायच्या.

"दुसरं काही मिळालं नाही का काढायला?" तिने विचारलं. "फुलं, डोंगर, तळं?"

"ती गप्प उभी राहतात हो. मला हलणारं काढायचंय. आणि तुम्ही तर..."

"मी तर काय?"

"डोळ्याला पुरतच नाही तुम्ही."

बाई गं! मास्क होता म्हणून बरं, नाहीतर गाल लाल झालेले सगळ्या कारखान्याने पाहिले असते.

"मग फोटो काढा की," ती उगाच फणकारली.

"फोटोत हात गोठतो. तो निघाला कुठून, पोचला कुठे, मधे कुठे कुठे होता... मला सगळं एकाच कागदावर हवंय." त्याने कागद पुढे केला. त्यात पट्टा होता, चाकं होती आणि हातच हात होते.

"अगंबाई! माझा कोळी केलात की हो!"

तो इतका मनापासून हसला की शेजारच्या पट्ट्यावरच्या बायकाही माना वळवून बघू लागल्या.

मग हे रोजचंच झालं. तो यायचा, ती टोमणा मारायची, तो हसायचा. कधी कुठे बिस्कीट अडकून पट्टा बंद पडला की बाकीच्या पाणी प्यायला पळत. भिंगरी मात्र जागेवरच राहायची. रबरी बुटातून एक पाय बाहेर काढून, दुसऱ्या पायावर तोल सावरत, खिडकीबाहेर बघत. तेवढा वेळ तिचा स्वतःचा असायचा. नेमका तेव्हाच तो मान खाली घालून भराभर काहीतरी काढायला लागायचा. यंत्राची चाकं काढत असेल, असं तिला वाटे.

त्याचं काम संपलं, स्टूल रिकामं झालं आणि तिला पट्ट्याचा आवाज पहिल्यांदा नकोसा वाटला.

"रंगाऱ्याने रंग उधळला वाटतं आमच्याकडे," वहिनीने पोळ्या लाटता लाटता चिमटा काढला.

"काहीतरीच तुझं!" ती म्हणाली, आणि मग न राहवून, "वहिनी... त्याला मी आवडत असेन का गं? की नुसते माझे हात?"

वहिनीचं लाटणं थांबलं. "ते त्यालाच विचार. मी येते बरोबर."

वर्धापनदिनाला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. त्या संध्याकाळी भिंगरीने ठेवणीतली साडी नेसली, नवे सँडल घातले. ते पायाला लागत होते, पण आज त्याची पर्वा कुणाला! दाराशी तोच उभा होता. तिने मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"या ताई, या," तो अदबीने म्हणाला. "डावीकडून सुरू करा."

ताई! वहिनीने कोपर मारलं, पण ती तरातरा आत शिरली.

आत भिंतभर चित्र होतं. पट्टा, दातेरी चाकं, वाफ, आणि मधोमध हातांची नुसती झुंबड. त्या हातांच्या वर चेहरा नव्हता. धुरकट पांढरा डाग तेवढा होता.

"बघा, गती कशी पकडलीय!" एक जाणते गृहस्थ सोबतच्यांना समजावत होते. "इथे माणूस उरतच नाही, यंत्राचाच एक भाग होतो."

"हात मात्र तुझेच गं," वहिनी कुजबुजली.

"हातच माझे. बाकी मी कुठेच नाही," भिंगरी म्हणाली. "चल वहिनी. मिळालं उत्तर."

पण वहिनी दाराजवळच्या एका छोट्या चित्रापाशी थबकली. भिंगरी पाठ फिरवून तिची वाट बघत राहिली. पाय भयंकर दुखत होते. तिने नकळत एक पाय सँडलमधून बाहेर काढला, दुसऱ्यावर तोल सावरला आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"तुम्ही?" मागून आवाज आला. "अहो, तुम्ही आहात!"

तो धावतच आला होता.

"मघाशी ताई होते," ती वळलीच नाही.

"चुकलो. मास्कशिवाय कधी पाहिलंच नाही हो तुम्हाला... आणि न पाहिलेला चेहरा अंदाजाने काढायचा, ते मला नको होतं."

"हातांवर भागलं की तुमचं."

"ते मालकांचं चित्र. माझं हे." त्याने तिला त्या छोट्या चित्राकडे वळवलं.

चित्रात पट्टा बंद होता. खिडकीतून ऊन आलं होतं, आणि टोपी घातलेली एक पाठमोरी मुलगी एका पायावर उभी होती. बूट तिच्या शेजारी पडला होता. हात दोनच होते, आणि दोन्ही रिकामे.

"हलणारं काढायला आलो होतो," तो म्हणाला. "आणि पट्टा कधी थांबतोय याची वाट बघत बसायचो. मला तुम्ही आवडता. हात तर आवडतातच... पण तुम्ही जास्त."

वहिनीला अचानक समोरच्या भिंतीवरची चित्रं फार महत्त्वाची वाटू लागली.

भिंगरीला हसू आलं आणि रडूही. तेवढ्यात त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिने तळवा पुढे केला.

"पेन्सिल इकडे द्या."

"एकच रेघ... चेहऱ्याची."

"द्या म्हणते ना! आधी नुसतं बघा."

त्याने पेन्सिल दिली, चष्मा पुसला आणि बघू लागला. भिंगरी एका पायावर तशीच उभी राहिली, जराही न हलता.