मास्तरांची नजर

चऱ्होलीच्या यशवंतरावांनी बासष्टाव्या वर्षी तैलचित्रं शिकायला घेतली, त्याला कारणही तसंच होतं. बायको, शालनबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात त्यांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा; त्यात बाई पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसायच्या. आणि हल्ली डोळे मिटले तरी यशवंतरावांना त्यांचा खरा चेहरा धड आठवेना.

दापोडीत स्वरूपा नावाची बाई चित्रांचा वर्ग चालवायची. तिचे गुरू, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, नऊ वर्षांपूर्वी वारले होते. त्यांनी स्वतःचं रंगवलेलं चित्र वर्गाच्या भिंतीवर होतं. खुर्चीत बसलेले मास्तर, पिळदार मिशा, नजर सरळ समोर.

"काका, आधी ह्या चित्राची नक्कल करा," स्वरूपा म्हणाली. "हे जमलं की कुठलाही चेहरा जमतो."

दीड महिना यशवंतराव घासत होते. मास्तरांचा कधी तलाठी व्हायचा, कधी बोका. डोळे तर काही केल्या जमेनात.

एका दुपारी स्वरूपा जेवायला घरी गेली. खोलीत जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली आणि मग सगळं एकदम चिडीचूप झालं. तेवढ्यात यशवंतरावांच्या कानामागे कुणीतरी घसा खाकरला.

"डोळा काढू नका... डोळ्याभोवतीची सावली काढा..."

यशवंतरावांच्या मानेवर काटा आला. पण भीतीपेक्षा दीड महिन्याचा वैताग मोठा होता.

"व्हय, पर सावली कंच्या रंगाची?"

"तपकिरी... आणि ब्रश इतका आवळून धरू नका. नांगर आहे का तो?"

त्यांच्या मनगटावर बर्फासारखी गार बोटं टेकली...

स्वरूपा परत आली, तर फळीवर दुसरे मास्तर हुबेहूब बसलेले. "काका, हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या मास्तरांनीच. मानूस गुनी हाय, पर तोंडाचा लई फटकळ."

स्वरूपा मटकन स्टुलावर बसली. "सर... असेच बोलायचे."

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी शालनबाईंना रंगवायला घेतलं. सावली पडत गेली तसा चेहरा उमलत आला. हसताना एका गालाला पडणारी खळीसुद्धा. यशवंतराव डोळे पुसत रंगवत होते.

"हनुवटी जरा नाजूक करा..." मागून आवाज आला.

"तिची हनुवटी मला ठावं. तुमी गप ऱ्हावा."

पाचव्या दिवशी चित्र पुरं झालं, तेव्हा मागून चकार शब्द आला नाही. यशवंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांची समोरची नजर तिरकी होऊन शालनबाईंवर खिळली होती.

"मास्तर, नजर खाली!" यशवंतराव गरजले. ओलं चित्र कडांना धरून ते तसेच रिक्षात बसले आणि घरी येऊन त्यांनी ते पुढच्या खोलीत टांगलं.

सकाळी स्वरूपाचा फोन आला.

"काका... सरांच्या चित्रात... नुसती खुर्ची उरलीये."

यशवंतराव अनवाणीच पुढच्या खोलीत गेले. रंगवताना त्यांनी शालनबाईंचं डोकं उघडं ठेवून केसांत अबोलीचा गजरा माळला होता. आता गजरा दिसत नव्हता. घरात परका पुरुष आला की घ्यायच्या तसा, शालनबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता.