मामा तलावाचं पाणी कुठं मुरतंय?

ठरलं होतं असं, की रोशननं पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पळत येऊन थेट पाण्यात उडी मारायची, रुख्मानं पोहत जाऊन त्याला गाठायचं आणि दामिनीनं काठावर बसून निकाल द्यायचा. रोशन पळाला. डोळे मिटून त्यानं जोरात उडी मारली. आवाज मात्र 'धबाक' असा यायच्याऐवजी 'धप्प' असा आला. डोळे उघडून पाहतो तर तो गुडघ्यापर्यंत चिखलात उभा, आणि पाणी त्याच्यापासून वीस पावलं लांब!

"यार, पानी कहाँ गेलं?" त्यानं विचारलं.

दोघी मुली पोट धरून हसल्या. मग त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याची एक चप्पल तलावानं ठेवूनच घेतली.

रोशन गोंदियाजवळच्या कुडव्याचा. उन्हाळ्याच्या सुटीत तो अर्जुनी मोरगावजवळच्या या गावी आजोळी यायचा. तेरा वर्षांची दामिनी ही त्याची मामेबहीण, आणि रुख्मा तिची वर्गमैत्रीण. रुख्माचे वडील याच तलावात मासे धरायचे, त्यामुळे ती चालायच्या आधी पोहायला शिकली असं गावात म्हणत. तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला; त्या दोन 'मा'वरून सगळे त्याला मामा तलाव म्हणायचे. त्याची पाळ दामिनीचे आजोबा खेमराज यांच्या पूर्वजांनी बांधलेली होती.

हसू ओसरल्यावर रुख्मा पाण्याकडे बघत राहिली. मागच्या मे महिन्यात इथं तिच्या गळ्याएवढं पाणी होतं. आता मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाणी आणखी उतरलं, तर एका कडक दुपारी सगळे मासे मरतील, असं तिचे वडील कालच म्हणाले होते. मासे गेले की पाठोपाठ गुरांच्या पाण्याचीही पंचाईत होणार होती.

तिघं तडक चुन्नीलालकाकांकडे गेली. ते तलाव समितीचे अध्यक्ष होते, आणि बारशापासून तेरवीपर्यंत कुठंही माईक दिसला की पाणी वाचवण्यावर बोलायचे. त्यांनी पोरांना गूळ-शेंगदाणे दिले आणि समजावून सांगितलं की उन्हाळा आहे, सूर्य पाणी पितो, त्याला काय आपण नाही म्हणणार? रोशनला हे पटलं. शेंगदाणे छान होते.

दामिनीला काही ते पटलं नाही. सूर्य किती पितो ते मोजता येईल, असं ती म्हणाली. तिनं काठावर एक घमेलं पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं आणि तलावाच्या पाण्यात एक काठी रोवून खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्यात थेंबभरही पाणी नव्हतं. चुन्नीलालकाकांचं म्हणणं खरं ठरलं की काय, म्हणून तिघं घाबरली. तेवढ्यात रोशनला घमेल्याभोवती म्हशीच्या खुरांचे ठसे दिसले. सूर्याच्या आधी म्हशीनंच पाणी पिऊन टाकलं होतं.

मग घमेल्याभोवती काटेरी फांद्या रचल्या आणि प्रयोग पुन्हा सुरू झाला. दोन दिवसांनी घमेल्यातलं पाणी एक बोट उतरलं होतं, आणि तलावातलं सहा बोटं.

"म्हंजे पाच बोटं पानी कोनी दुसरंच पिऊन राहिलं," रुख्मा म्हणाली.

तिघं पाळीच्या पलीकडे उतरली. शेतं कोरडी ठणठणीत पडली होती, भुईला भेगा गेल्या होत्या. पण शेताकडे जाणाऱ्या जुन्या पाटात मात्र पोपटी गवत उगवलं होतं आणि एक बेडूक ऐटीत बसला होता. मे महिन्यात एवढा खुशीत असलेला बेडूक रोशननं पहिल्यांदाच पाहिला. गवताच्या मागोमाग ती चालत गेली. पाट वळत वळत एका उंच भिंतीखाली शिरला होता. भिंत चुन्नीलालकाकांच्या नव्या बागेची होती. रोशनच्या खांद्यावर चढून दामिनीनं आत डोकावलं. आत एक छोटं तळं होतं, मधोमध कारंजं आणि भोवती प्लॅस्टिकचे सहा हंस.

संध्याकाळी त्यांनी खेमराजआजोबांना सगळं सांगितलं. आजोबांनी विचारलं, की तुडूम कोणी पाहिलं का? तुडूम म्हणजे पाळीत बसवलेला, पाणी सोडायचा दगडी खांब. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. धानाला पाणी हवं असलं की बूच काढायचं, काम झालं की परत ठोकायचं. ते ठोकणं सोपं नव्हतं, त्यासाठी पाण्याखाली दम धरावा लागायचा.

दुसऱ्या सकाळी रुख्मानं तुडुमापाशी बुडी मारली. वर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. सगळ्यात खालच्या भोकात बूच नव्हतंच. तिथं कसलं तरी पट्ट्यापट्ट्यांचं कापड कोंबलेलं होतं आणि त्याच्या बाजूनं पाणी ओढलं जात होतं. आजोबांनी बजावलं की ते आत्ता काढायचं नाही, नाहीतर असलेलं पाणीही जाईल. नवं बूच घडवायला त्यांना दोन दिवस हवे होते.

दामिनीला मात्र तोवर थांबवेना. चुन्नीलालकाकांना जाऊन विचारायचं, असं ती म्हणाली, आणि गेलीसुद्धा. काकांनी हसून सांगितलं की तळ्यात आपल्या घरच्या बोअरचं पाणी आहे, आणि पाटात गवत उगवलं ते देवाच्या मर्जीनं. परवा संध्याकाळी कारंज्याचं उद्घाटन आहे, नाश्त्याला नक्की या, असंही ते म्हणाले.

"पुरावा पायजे, पोरी," आजोबा म्हणाले. "नुसतं बोललं तं तो आपल्यालेच खोटं ठरवन."

पुराव्याची युक्ती मात्र रोशनला सुचली, आणि तीही जेवताना. आजीनं होळीच्या रंगासाठी वाळवलेली पळसाची फुलं अजून दोन पोती उरली होती. त्यातली मूठभर भाजीवर सांडली आणि वांग्याचा रस्सा केशरी झाला. रोशन घास हातात धरून तसाच बसला. पाण्याला रंग दिला तर पाणी कुठं जातं ते दिसेल! पळसाचा रंग माशांना बाधणार नाही ना, हे दामिनीनं आजीला दोनदा विचारून घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढलं. फुलं इतकी उकळली की रंग काकवीसारखा दाट झाला. भिंतीआड चुन्नीलालकाकांची मोटर घरघरू लागली तशी रुख्मा वडिलांच्या डोंग्यातून तुडुमापाशी गेली. तिनं तोंड बांधलेले रंगाचे कॅन पाण्याखाली नेले आणि अगदी भोकाशी एकेक करून मोकळे केले. रंगाची शेपटी वळवळत भोकात शिरली. काठावर उभ्या रोशनचा शर्ट, कान आणि एक भुवई आधीच केशरी झाली होती.

संध्याकाळी बागेत अर्धं गाव जमलं. सरपंच जमुनाबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. चुन्नीलालकाका पांढराशुभ्र सदरा घालून उभे राहिले आणि पाण्याच्या थेंबाथेंबाचं मोल यावर पंधरा मिनिटं बोलले. मग त्यांनी बटण दाबलं.

कारंजं दोनदा खोकलं आणि उसळलं, ते झगझगीत केशरी! वारा काकांच्या बाजूचा होता. सदरा केशरी झाला, मिशा केशरी झाल्या, सहाही हंस केशरी झाले. लोकांना वाटलं हीच गंमत आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही आधी मान डोलावली, पण मग बोअरच्या पाण्यात लोह असतं असं काहीतरी पुटपुटू लागले.

जमुनाबाई उठल्या. त्यांनी काकांच्या खांद्यावर चिकटलेली पळसाची ओली पाकळी उचलली.

"चुन्नीलाल, तुमच्या बोअरमंदी पळस फुलला का?"

हशा पिकला. तो थांबल्यावर दामिनी पुढं आली आणि तिनं घमेलं, काठी, गवत, तुडूम, सगळं क्रमानं सांगितलं. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर कापला नाही. काका खुर्चीवर बसले. त्यांनी कबूल केलं, की तळं भरायला त्यांनीच बूच उपटलं होतं, पण ते परत बसेना म्हणून कापड कोंबलं. रोज दोन तासच मोटर लावतो, एवढ्यानं काय होतं, असं त्यांना वाटलं होतं. बाकीचे बावीस तास पाणी पाटात नुसतंच मुरून जात होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कापड पट्ट्यापट्ट्यांचं होतं, हे ऐकून काकू एकदम ताठ झाल्या. काकांचा पट्ट्यांचा पायजमा माकडांनी पळवला असं समजून त्या महिनाभर माकडांना शिव्या देत होत्या.

त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. काकांनी स्वतःहून अध्यक्षपद सोडलं आणि तळ्यातलं पाणी गुरांच्या हौदासाठी दिलं. जमुनाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की तलाव गावातल्या मोठ्यांच्या डोळ्यांदेखत आटत होता आणि मोजला तो फक्त पोरांनी. म्हणून यापुढं पाण्याची मोजणी शाळेची मुलंच करतील आणि दर आठवड्याला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितील. टाळ्या चालू असताना रोशननं नाश्ता आहे का ते हळूच विचारून घेतलं.

बूच बसवायचं काम मात्र ग्रामसभेपर्यंत थांबलं नव्हतं; उद्घाटनाच्या दुसऱ्याच सकाळी खेमराजआजोबा पाळीवर आले. दोन दिवस तासून घडवलेलं, अंबाडीची दोरी गुंडाळलेलं बूच त्यांनी रुख्माच्या हातात दिलं आणि ते ठोकायची लाकडी मोगरी दामिनीच्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तुडुमाला आजवर गावातल्या मोजक्या जाणत्या माणसांचेच हात लागले होते.

"माया आज्यानं मले हे भोक दाखवलं तवा मी वीस वर्साचा होतो," आजोबा म्हणाले. "तुमी लय लवकर आल्या. चला, दम भरून घ्या."

दोघींनी छाती भरून श्वास घेतला आणि एकदमच पाण्याखाली गेल्या.