हवाकाकांचा कान

चढ अर्धा चढून बॅटरीवरची नवी बस थांबली, ती थांबलीच. या आठवड्यातली ही दुसरी खेप.

"खेळण्यातली गाडी आहे ही. किल्ली द्या किल्ली," मागून कोणीतरी म्हणालं. उतारू हसत हसत उतरले. बस चालवणारी आत्या मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसून राहिली. सुट्टीत तिच्याकडे आलेली तिन्ही भावंडं पहिल्या बाकावर होती. थोरली चष्मिस, मधला लंबू आणि धाकटा प्रश्न्या. आत्याला गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी आगारप्रमुख साहेबांनी तोंडावरच सांगितलं, "पहिल्या आठवड्यात ही बस चाळीस टक्के चार्ज शिल्लक ठेवून परत येत होती. आता चढावर मरते. तुमचा पाय जड झालाय, बाई. उद्या पुन्हा अडली तर बस कंपनीला परत आणि तुम्ही चौकशीच्या खिडकीत."

आत्या त्या रात्री जेवली नाही. अख्ख्या आगारात बस चालवणारी ती एकटीच बाई होती. खिडकीत बसणं म्हणजे तिच्यासाठी जिवंतपणी फोटोत जाण्यासारखं होतं.

सकाळी आगाराचं अंगण धुऊन झालं होतं. डिझेलची एक बस ओल्यातून बाहेर पडली आणि तिच्यामागून बॅटरीवरची.

"या गाडीचे ठसे एवढे रुंद का?" प्रश्न्याने विचारलं.

नेहमीप्रमाणे लंबू त्याला गप्प करणार होता, पण ठसे खरंच रुंद होते. त्याने वीत लावून मोजले. चार बोटांचा फरक, आणि टायर तर दोन्ही गाड्यांचे एकाच मापाचे! चष्मिसने टायरवर खडूची आडवी रेघ ओढली आणि आत्याला गाडी जराशी पुढे घ्यायला सांगितली. रेघ दोन्ही कडांना पुसली गेली, मध्ये तशीच राहिली.

"हवा कमी आहे. सायकलची हवा कमी असली की पाय भरून येतात ना, तसं होतंय हिचं," लंबू म्हणाला.

"आणि बॅटऱ्यांमुळे ही डिझेलच्या गाडीपेक्षा जड," आत्या हळूच म्हणाली. "दाराजवळच्या पाटीवर लिहिलंय, एकशेवीस पाउंड हवा हवी. पण हवाकाका रोज बघतात की रे."

हवाकाका म्हणजे आगारातल्या सगळ्या टायरांचे धनी. त्यांनी लोखंडी दांडा टायरवर हाणला. ठण्ण!

"ऐकलंत? तीस वर्षं या कानाने हवा ओळखतोय. हवा मोजायचं गेज नवख्यांनी लावावं."

नवं गेज कोपऱ्यात होतं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. "काका, एकदाच बघू ना," म्हणत चष्मिसने ते टायरला टेकवल्यासारखं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं.

"एकशेवीस. झालं समाधान?"

काटा शून्यावर होता. चष्मिसने गेज टायरला लावलंच नव्हतं.

कोणी हसलं नाही. चष्मिसला स्वतःचीच लाज वाटली.

"काका, मलाही फळा दिसत नव्हता," ती म्हणाली. "वर्षभर शेजारणीच्या वहीत बघून लिहिलं. सांगितलं तर सगळे हसतील असं वाटायचं."

काकांनी फडक्याला हात पुसले. "डिझेलच्या गाड्या थोडंफार सोसून घेतात," ते म्हणाले. "वाटलं, हीपण घेईल. साहेबांना सांगणार का?"

चष्मिसने हातातल्या गेजकडे पाहिलं. सांगितलं तर काका जाणार, नाही सांगितलं तर आत्या.

"राहू दे. आधी हवा भरू. तू आकडा वाच," काका म्हणाले.

पहिल्या टायरमध्ये पंच्याऐंशी निघाले. सहाही टायर एकशेवीसला आले आणि बस निघाली. चढ आला तशी मुलांनी बाकाची कड घट्ट धरली. आत्याने काही केलं नाही, नेहमीसारखीच चालवली. बस चढ चढून गेली.

परतल्यावर साहेबांनी बसमधला चार्जचा काटा पाहिला. अडतीस टक्के शिल्लक. "आज काय जादू केलीत, बाई?"

आत्याने मुलांकडे पाहिलं. मुलांनी आपापल्या चपलांकडे.

"चूक माझी होती, साहेब," हवाकाका पुढे आले. "मला आकडे दिसत नाहीत. बाईंचा पाय काही जड नव्हता."

साहेबांचा चेहरा लाल झाला. महिनाभर वाया गेलेली वीज, अडलेले उतारू, सगळं त्यांनी ऐकवलं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी साहेब थांबले. "उद्या रजा घ्या आणि डोळे तपासून या. परवापासून प्रत्येक टायर गेजवर." मग ते आत्याकडे वळले. "बाई, मी विनाकारण बोललो. बस राहील, तुम्हीही. आणि पोरांनो, शाबास."

शाबासकी मिळूनही चष्मिसला बरं वाटलं नाही. ती काकांजवळ गेली. "मी तुम्हाला फसवलं."

"मी साऱ्या आगाराला फसवत होतो. तुझं काय घेऊन बसलीस?"

"चष्म्याला पहिले काही दिवस चिडवतात हं, काका. मग सवय होते."

"कोण चिडवतं?"

"हा लंबू."

काकांनी शांतपणे दांडा उचलला. लंबू बसच्या मागे पळाला आणि कालपासून पहिल्यांदाच आत्या खळखळून हसली.