एका कांबळ्यावर दोनदा

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? मी त्या टेबलाशी बसले होते. माझे दोन्ही हात त्या ओल्या कांबळ्यावर होते. माझ्याशिवाय आणखी पाच जण बसले होते आणि त्यातल्या तिघी अजून हयात आहेत. बोलतील की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

आणि हो, रात्र नव्हती. असलं काही रात्रीच होतं असं लोकांना उगीच वाटतं. शनिवार होता. २००८ सालचा ऑक्टोबर, दुपारचे पावणेतीन. बाहेर लख्ख ऊन, मेपलची झाडं लालभडक झालेली.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर ग्लेन आर्द ही आमची वस्ती. टीनामावशीचं स्वयंपाकघर.

मार्सली ही टीनामावशीची एकुलती एक लेक. माझी मावसबहीण. माहितीपट करायची. बावीस वर्षं तेच केलं तिनं. जुनी माणसं, जुनी कामं, जुनी गाणी. लाकडी होड्या बांधणारे शेवटचे सुतार, मातीच्या भट्टीत पाव भाजणाऱ्या प्रेअरीच्या माळरानातल्या म्हाताऱ्या, उत्तरेत सीलच्या कातड्याचे बूट शिवणाऱ्या बायका... सगळ्यांच्या घरी जाऊन बसली. त्यांचं ऐकलं. बक्षिसं मिळाली. पेपरात फोटो आले.

आणि मावशी इथं एकटी चहा पीत बसायची.

"जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या झाल्या तिच्या," मावशी म्हणायची. "माझा नंबर लागेपर्यंत मी राहीन का गं, जेसी?"

हसून म्हणायची. पण मला ते हसणं बघवायचं नाही.

मावशीकडे एक गाणं होतं. तिच्या पणजीनं रचलेलं. पणजीचे दोन मुलगे एकाच दिवशी बर्फ फुटून बुडाले, त्यांच्यावर. तेवीस कडवी, सगळी जुन्या गॅलिकमधली, आमच्या स्कॉटिश पूर्वजांच्या भाषेतली. ध्रुवपद आम्हा सगळ्यांना यायचं. कडवी मात्र एकट्या मावशीला. ते गाणं आईकडून लेकीकडेच जायचं, दुसऱ्या कुणी ते उचलायचं नाही, अशी रीत.

मार्सली बारा वर्षांची असताना मावशीनं शिकवायला घेतलं होतं. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी पळाली. पुढं मोठी झाल्यावर मावशीनं विषय काढला की एकच उत्तर.

"मी रेकॉर्ड करीन ना, आई. मग कुठं जातंय?"

आम्हालाही ते पटायचं. आमचीही चूकच.

त्या वर्षी मावशी एक्क्याऐंशीची झाली. वसंतात एकदा चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं मार्सलीला जाग आली. ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून आली. सोबत आवाज टिपणारा लोर्न. कॅमेरा तिचा तिनंच धरला.

मावशीला काय आनंद झाला म्हणून सांगू. आठ दिवस आधीपासून तयारी. मागावरचं कांबळं उतरवून ठेवलं. ओटची बिस्किटं भाजली. कोठीचं दार बिजागरीवरून काढून टेबलावर आडवं टाकलं, कारण नवं कांबळं घट्ट व्हावं म्हणून गाण्याच्या ठेक्यावर कुटतात, आणि त्याला तसलंच खडबडीत फळकूट लागतं. कांबळं साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवलं. पूर्वी कशात भिजवायचे ते विचारू नका, बिस्किटं खाववणार नाहीत.

टेबलाशी आम्ही सहा जण. मावशी, मी, शेजारचे हेक्टरकाका आणि पलीकडच्या मळ्यातल्या तिघी बहिणी.

लोर्ननं फ्रिजची वायर काढली. घरघर नको म्हणून. परत लावायचं विसरू नये म्हणून स्वतःच्या गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मावशीला भारी हसू आलं.

मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मावशीचं हसू थांबलं. "ते नको. घड्याळ कधी थांबवतात, माहितेय ना तुला, मार्सली?"

माहीत होतं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की घड्याळ थांबवतात.

"आई, टिकटिक येते गं आवाजात. दहा मिनिटं फक्त."

मार्सलीनं खुर्चीवर चढून लंबक धरला.

घर एकदम गप्प झालं. इतकं गप्प मी ते घर कधीच ऐकलं नव्हतं.

मग मावशीनं सुरुवात केली.

काय गायली त्या दिवशी. एक्क्याऐंशीची म्हातारी, पण आवाज कुठं हलला नाही. ती कडवं म्हणायची, आम्ही ध्रुवपद म्हणायचो, बारा हात एकदम फळकुटावर पडायचे. धप्... धप्... कांबळं डावीकडे सरकत जायचं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. तेवीसच्या तेवीस कडवी. एक शब्द अडखळला नाही.

संपलं. हेक्टरकाकांनी डोळे पुसले. तिघी बहिणींतली धाकटी तर उघड रडत होती.

मार्सलीही रडत होती. कॅमेऱ्यामागं तिचा ओला गाल मला दिसला.

आणि तरीही तिनं ते म्हटलं.

"सुंदर झालं, आई. आता एकदा परत म्हणशील? तशीच, पहिल्यापासून."

हेक्टरकाकांनी कांबळ्यावरचे हात उचलले. झटका बसल्यासारखे.

"पहिल्यांदा नीट आलं नाही का?" मावशीनं विचारलं.

"आलं की. उत्तम आलं. पण एक जास्तीचा टेक हाताशी असलेला बरा. मी नेहमीच दोन घेते."

"मार्सली," हेक्टरकाका हळू आवाजात म्हणाले, "एका कांबळ्यावर एक गाणं एकदाच म्हणतात. तुला कुणी सांगितलं नाही का पोरी?"

"काका, माझ्या पहिल्याच फिल्ममध्ये एका आजीनं हे सांगितलंय. मीच टिपलंय ते."

बघा म्हणजे. ठाऊक होतं तिला. पण तिच्यासाठी ती लोकांची एक समजूत होती, फिल्ममध्ये छान दिसणारी.

लोर्ननं विचारलं, "दुसऱ्यांदा म्हटलं तर काय होतं?"

"मग ते आपल्यासाठी राहत नाही," काका म्हणाले.

"तर दुसरं कांबळं घेऊ," मी म्हणाले.

"दुसरं आहे कुठं विणलेलं? उद्या सकाळी निघायचंय मला," मार्सली म्हणाली. मग आईकडे वळली. आवाज एकदम मऊ झाला. लहानपणी व्हायचा तसा. "आई... प्लीज. माझ्यासाठी."

मावशी लेकीकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. मी शपथेवर सांगते, आनंद होता. इतक्या वर्षांत या मुलीनं आईकडे काही मागितलंच नव्हतं. एवढं एकच मागत होती.

"तुला हवंय का गं?"

"हो, आई."

"मग म्हणते."

आम्ही पाचही जणांनी हात मांडीवर घेतले. तोंडं मिटली. आम्ही त्यात नव्हतो.

मावशीनं एकटीनं कांबळं धरलं. पहिलं कडवं म्हटलं. ध्रुवपदाची जागा आली. कुणी म्हटलं नाही. तेवढा वेळ ती थांबली. दुसरं कडवं. पुन्हा थांबली.

तिसऱ्या कडव्यानंतर लोर्ननं मान वर केली...

त्यानं हेडफोन कानावर दाबला. मग आमच्याकडे बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. सगळी तोंडं बंद होती.

त्यानं हेडफोन काढला. ऐकलं. परत लावला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

चौथं कडवं. आणि मग मी ते कानांनी ऐकलं...

धप्.

मावशीचे दोन हात पडले होते. पण आवाज दोन हातांचा नव्हता.

धप्... धप्...

माझ्यासमोरचं कांबळं दबलं. साबणाचं पाणी पिळून बाहेर आलं, फळकुटाच्या कडेवरून माझ्या मांडीवर ओघळलं. माझे हात खाली होते हो. मांडीवरच होते.

कांबळं डावीकडे सरकलं.

मार्सलीनं लोर्नच्या डोक्यावरून हेडफोन ओढून स्वतःला लावला. तिनं जे ऐकलं ते तिनं मला नंतर सांगितलं. ध्रुवपद. बायकांचे आवाज. खूप बायका. आम्ही म्हणतो तसं नाही, जरा संथ, जुन्या वळणाचं. अगदी जवळून.

तेव्हाच थांबवायला हवं होतं. एवढं म्हणायचं होतं, आई, बस. पण कॅमेरा बंद करायला तिचा हात गेला नाही. असं काही आपल्याला पुन्हा कधी मिळणार नाही, हेच तिच्या डोक्यात आलं. हे तिचेच शब्द. ती ते कुणापासून लपवत नाही.

तेविसावं कडवं संपलं. मावशीनं खिडकीकडच्या रिकाम्या भिंतीकडे बघून मान लववली, दारात आलेल्या पाहुण्यांना लववतात तशी.

"झालं," ती म्हणाली. "सोपवलं."

आवाज बसला होता. मला वाटलं, दोनदा गायली म्हणून.

रविवारी सकाळी मार्सली निघाली. मावशीनं तिचा हात धरून ठेवला होता. दुपारी जेवून जा म्हणत होती, पण नुसती खुणेनं. मार्सली म्हणाली, "ख्रिसमसला येते, आई. तेव्हा मस्त आठवडाभर राहीन."

सोमवारी मी फोन केला. "मावशीचा आवाज पार गेलाय गं. कुजबुजही निघत नाही."

"मध घालून चहा दे. आराम करायला सांग," ती म्हणाली. कामात होती.

गुरुवारी दुपारी मावशी खिडकीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर ते कांबळं होतं. मी बाजूला भांडी धूत होते. मला काही ऐकू आलं नाही.

मार्सली पोचेपर्यंत आम्ही मावशीला झोपवून, केस विंचरून ठेवलं होतं. ती दारातच बसली. "मी आवाज ऐकला असता ना फोनवर, तर आले असते," एवढंच म्हणत राहिली.

पुढचं ऐका. महिनाभरानं ती टेप घेऊन बसली. पहिला टेक लावला.

आमचे हात. आमचं ध्रुवपद. सगळं स्वच्छ.

कडव्यांच्या जागी... काही नाही.

मावशीचे ओठ हलताना दिसतात. कपाळावरची शीर फुगलेली दिसते. आवाज नाही. लोर्ननं चार वेळा तपासलं. तो म्हणाला, त्या दिवशी रेकॉर्डरचा काटा हलताना मी डोळ्यांनी बघितलाय. मग त्यानं काम सोडलं. ह्या टेपचं नाव काढलं तर उठून जातो.

मार्सलीच्या फोनवर आईचे जुने निरोप होते. जेवलीस का, थंडी आहे का, फोन कर. तिनं ते लावले. नुसती खरखर. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत मावशी दोन मिनिटं बोललीय. तो मी स्वतः लावून बघितला. ओठ हलतात.

आणि आता मला जे सांगायचंय ते सांगायला जड जातं. मला मावशीचा आवाज आठवत नाही. ती आठवते, तिचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. आवाज आठवत नाही. तिघी बहिणींनाही नाही. हेक्टरकाका जाईपर्यंत तेच म्हणायचे, जाडा होता का गं टीनाचा आवाज, की बारीक?

मार्सलीनं फिल्म करणं सोडलं. मावशीच्या घरातच येऊन राहिली.

गेल्या ऑक्टोबरात तिनं मला बोलावलं. म्हणाली, "दुसरा टेक ऐक. बदललाय."

मी नको म्हणत होते. तिनं हेडफोन माझ्या कानावर ठेवला.

ध्रुवपद आलं. त्या बायका. मग कडव्याची रिकामी जागा. पुन्हा ध्रुवपद...

आणि त्यात एक आवाज नवा होता. थोडा बसलेला. ओळखायला काही लागलंच नाही.

"आईच आहे ना?" मार्सलीनं विचारलं.

मी मान डोलावली.

"आता ऐक."

ध्रुवपद संपलं. पुढची जागा लांबत गेली. कडव्याला लागेल त्याहून कितीतरी लांब. मग मावशीनं एकटीनं ध्रुवपद पुन्हा म्हटलं. सावकाश. लहान मुलाला आठवण करून द्यावी तसं. आणि थांबली.

तेव्हा मला कळलं. आता कडवी म्हणायची पाळी मावशीची राहिली नव्हती.

मी हेडफोन काढला. मार्सली माझ्याकडे बघत होती. पन्नाशी उलटलेली बाई, रडून रडून चेहरा सुजलेला.

"एखादं तरी कडवं आठवतं का?" मी विचारलं.

"बारा वर्षांची होते, जेसी. दोनच दिवस बसले होते."

"पहिली ओळ?"

तिनं तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. मग तिनं दोन्ही हातांत चेहरा घेतला.

ती रोज दुपारी ती टेप लावते. मी किती सांगितलं, नको लावू. ऐकत नाही. जगात आईचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरलाय, तिला लावू नको म्हणणारी मी कोण?

काल तिचा फोन आला होता.

"जेसी, आता आई आठवण करून देत नाही," ती म्हणाली. "एकदाच म्हणते आणि सगळ्या गप्प होतात. टेप संपेपर्यंत थांबतात. कांबळ्यातून पाण्याचे थेंब पडल्याचं तेवढं ऐकू येतं."

मी त्या टेबलाशी चाळीस वर्षं बसले. मलाही कडव्यांतली एक ओळ येत नाही.