परत घेणारं मशीन

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई देवदर्शनाला गेली होती आणि पंचवटीच्या फुलबाजारात आमच्या मळ्यातल्या झेंडूच्या ढिगावर मी बसले होते. तेवढ्यात एक उंच, चष्मेवाला मुलगा समोर येऊन उभा राहिला. लक्ष फुलांकडे कमी, माझ्याकडे जास्त!

"स्कूटरला हार हवाय. छोटासा."

"का? स्कूटर छोटी आहे?"

"नाही... मोठा हार घालून फिरायची लाज वाटते."

मी मुद्दाम चांगला जाडजूड हार दिला. नाव विचारायचं मात्र राहून गेलं, आणि दिवसभर त्याची चुटपुट लागली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी अंबडच्या आमच्या कारखान्यात पुण्याच्या प्रयोगशाळेकडून आमच्या नव्या पॉवर सप्लायच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या मशीनच्या, तपासणीला इंजिनिअर येणार होते. तो पॉवर सप्लाय मी स्वतः उभा केला होता. साधा सप्लाय वीज नुसती देतो. माझा अधिक आणि उणे, दोन्ही दिशांना देतो, आणि समोरून वीज उलटी आली तर परत घेतोही. कॉम्प्युटरवरून सांगाल तसा. पास झाला तर पुढचा सगळा विभाग माझ्याकडे. नापास झाला तर पुन्हा चार्जरच्या वायरींना डाग देत बसायचं, असं आमचे मालक वाल्मीक सर स्पष्टच बोलले होते.

दार उघडलं आणि आत आला... स्कूटरवाला!

"तुम्ही?" दोघंही एकदम म्हणालो.

"फुलंही विकता आणि मशीनही बनवता?"

"दोन्ही घरचंच आहे," मी म्हणाले.

त्याचं नाव शेखर; दसऱ्यासाठी दोन दिवस आधीच स्कूटरवरून नाशिकच्या मामाकडे आला होता. पण कामाला लागला तसा पठ्ठ्या एकदम परका झाला. त्याने तारेच्या वेढ्यांची मोठी कॉइल जोडली. व्होल्टेज स्थिर ठेवून पाहिलं, पास. करंट स्थिर ठेवून पाहिला, तोही पास. मग करंट उलटसुलट फिरवत ठेवला. करंट उतरला की कॉइल साठवलेली वीज मागे ढकलते, ती माझ्या मशीननं गिळायची. थोडा वेळ गिळली. मग टक्... लाल दिवा लागला आणि सगळं बंद.

पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद.

"राहू दे, छाया," वाल्मीक सर म्हणाले. "आपले चार्जरच बरे."

"देताना उत्तम चालतंय," शेखर पेन उघडत म्हणाला. "घेतानाच का दमतंय?"

"घेताना..." मी थबकले. परत घेतलेली वीज मशीनच्या पोटात उष्णता होते. म्हणून तर मागे एवढा मोठा पंखा! मी मागच्या बाजूला धावले. पंख्याच्या जाळीवर आमच्याच मळ्यातला हार, पूजेच्या वेळी मीच मायेनं बांधलेला. मशीनचा श्वासच कोंडला होता.

"दसऱ्याचा हार असा काढत नाय गं," सर हळहळले. "सुकू तरी दे. अपशकुन नको."

"सर, मशीन जळलं तर तो कुठला शकुन?"

मी हार सोडवला, कपाळाला लावला आणि जागा दिसेना म्हणून शेखरच्या हातात दिला. तो हार घेऊन उभा, समोर मी... सगळा कारखाना फिस्सकन हसला. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

मशीन सुरू केलं. देतंय, घेतंय, उलटं, सुलटं... तासभर झाला तरी लाल दिवा लागला नाही. जिंकले! मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच.

शेखरने सही केली, पेन खिशाला लावलं आणि पहिल्यांदा मोकळा हसला.

"आता मी तुमचा तपासनीस नाही, म्हणून बोलतो. बाजारातून निघालो तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांपुढे आहात... तुमच्या घरी कोणाशी बोलू?"

"आधी माझ्याशी बोला. मी नाशिक सोडणार नाही. हा विभाग आता माझा आहे."

"सोडा कोण म्हणतंय? मीच इकडे नोकरी बघतो. आणि तोवर तुमच्या प्रत्येक मशीनच्या तपासणीला येत जाईन."

"मुळीच नाही! तपासणीला दुसरं कोणीतरी पाठवा," मी म्हणाले. "माझ्या मशीनवर नवऱ्याची सही मला चालायची नाही."