प्रमाणमूल्याची माणसं

नागपूरच्या उपयोजित भौतिकी संस्थेत, तळमजल्यावरच्या गुरुत्व प्रयोगशाळेत, केतकी बोरकुटेचा निकाल पडद्यावर आला: 'मापनक्षेत्रासाठी अपात्र. शिफारस: विक्री विभाग.'

निकाल देणारं यंत्र होतं 'व्यवसायवेध'. पदवीच्या शेवटी कोणी संशोधनात जायचं, कोणी सर्वेक्षणात आणि कोणी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायची, हे तेच ठरवी. केतकीला भूसर्वेक्षक व्हायचं होतं. पण व्यवसायवेधच्या मान्यतेशिवाय तिला कोणी मोजपट्टीसुद्धा हाती देणार नव्हतं. निकाल फिरवण्याचा अधिकार एकट्या संचालकांना होता.

तिच्या प्राध्यापिका डॉ. सुलभा देवतळे संचालकांना अक्षरशः ओढत प्रयोगशाळेत घेऊन आल्या. संचालक डॉ. निशिकांत उमाठे त्यांचे कॉलेजातले वर्गमित्र होते, त्यामुळे भीडभाड नव्हती.

"निशिकांत, ही पोरगी माझ्या वर्गात सगळ्यात नीट मोजते. आणि तुझं यंत्र तिला फिल्टर विकायला पाठवून राहिलं!"

"तिची रीडिंग पाहा ना," उमाठे शांतपणे म्हणाले. "गुरुत्वत्वरणाचं उत्तर दरवेळी ठरलेल्या प्रमाणमूल्यापेक्षा कमी. बाकी अख्ख्या वर्गाचं तंतोतंत."

"खऱ्या मोजमापात तंतोतंत काही येत असते का? फायलींवर सह्या करता करता भौतिकी विसरला तू!" देवतळेबाईंनी कोपऱ्यातल्या उंच नळीवर हात ठेवला. "हा शीताणू गुरुत्वमापक. निर्वातात थंड केलेले अणू सोडायचे आणि ते कसे पडतात ते लेसरनं मोजायचं. जमिनीखाली पोकळी असली, की तिथं वस्तुमान कमी, म्हणून ओढ कमी. आकडा दशांशचिन्हानंतर सहाव्या स्थानी घसरतो. इतकं हे यंत्र नाजूक, आणि पोरं ते चालूसुद्धा करत नाहीत!"

हे मात्र खरं होतं. प्रमाणमूल्य सगळ्यांना पाठ असे. मुलं आधी उत्तर लिहीत, मग उलटं गणित करून रीडिंग पाडत, आणि खरं वाटावं म्हणून एखाददुसरं रीडिंग किंचित वाकडं ठेवत. विज्ञान शाखेत शिकलेला माणूस हे ऐकून हसतो, कारण त्यानेही ते केलेलं असतं. हसण्यासारखं त्यात काय आहे, देव जाणे.

"ती जुनी खोड आहे. व्यवसायवेधचा काय संबंध?"

"त्याला शिकवलं कशावर? जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवर आणि त्यांना लागलेल्या नोकऱ्यांवर. मार्क कोणाला पडले? ज्यांचं उत्तर जुळलं त्यांना. नोकऱ्या? त्यांनाच. यंत्र बिचारं प्रामाणिकपणे शिकलं, की जो जुळवतो तोच उत्तम भौतिकशास्त्रज्ञ. आता ते तसलेच निवडते आणि मोजणाऱ्याला हाकलते!"

उमाठे हसले. "म्हणजे केतकी बरोबर असेल, तर या इमारतीखाली पोकळी आहे?"

"आहे सर," केतकी म्हणाली. "आणि वाढून राहिली. बाजूच्या भुयारी रस्त्यासाठी दिवसरात्र पाणी उपसून राहिले, त्याच्यासंगं मातीही चालली असेल. मी तीनदा सांगितलं. तीनही वेळा मलेच सांगितलं, की तुझं रीडिंग चुकलं."

उमाठ्यांचं हसू जरा ओसरलं. त्यांनी सरकारमान्य सर्वेक्षकाला बोलावणं धाडलं. त्याचं मोजमाप केतकीशी जुळलं तर निकाल फिरवायचा, असं ठरलं.

दुपारी तो सर्वेक्षक, प्रणय काकपुरे, आला. याच संस्थेचा सुवर्णपदक विजेता, व्यवसायवेधने सर्वोच्च श्रेणी दिलेला. त्याने स्वतःचा गुरुत्वमापक देखणेपणाने मांडला, टेबल पुसलं, पेन काढलं आणि विचारलं,

"सर, किती यायला पाहिजे?"

"ते तू मोजून सांगायचं!" उमाठे म्हणाले.

"सांगतो ना जी. पण या जागेचं प्रमाणमूल्य द्या. नाहीतर उत्तर बरोबर आलं हे समजणार कसं?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ओशाळलेपणही नव्हतं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

उमाठ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "भुयाराआधी या जमिनीचं सर्वेक्षण कोणी केलं होतं?"

"मीच केलं सर. सगळं तंतोतंत जुळलं."

"तुझ्याशिवाय दुसरा कोणी सर्वेक्षक?"

"पुष्कळ आहेत. सगळे व्यवसायवेधनेच निवडलेले. आमच्यात कधी फरक येतच नाही."

धरणं, पूल, भुयारं यांच्या सुरक्षेवर याच माणसांच्या सह्या होत्या. एवढ्या मोठ्या शहरात जमीन भरीव आहे की पोकळ, हे सांगू शकणारी माणसं वेचून वेचून विक्री विभागात धाडली गेली होती, आणि हा उद्योग करणाऱ्यांनी त्याबद्दल एकमेकांचे सत्कार केले होते!

"केतकी," उमाठे खालच्या आवाजात म्हणाले, "तू मोज."

"का? अपात्र आहे ना ती?" देवतळेबाई कडाडल्या.

"सुलभा, आता नको."

"मोजते सर," केतकी म्हणाली. "पण जे येईल तेच सांगीन. तुम्हाला आवडो की न आवडो."

तिने निर्वात पंप सुरू केला, अणू सोडले, पुन्हा सोडले. तिने पडद्यावरचे आकडे पाहिले, आदल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि ती ताडकन उठली.

"एका रात्रीत इतकं कधीच घसरलं नव्हतं. सर, इमारत रिकामी करा. आत्ताच्या आत्ता!"

उमाठ्यांनी तिला एकदाही विचारलं नाही, की रीडिंग चुकलं तर नाही ना. त्यांनी भिंतीवरची धोक्याची घंटा दाबली आणि ते सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडले. जिन्यावरून मुलं धडाधड उतरू लागली. देवतळेबाई दारात उभ्या राहून एकेकाला पुढे ढकलत होत्या.

प्रणय मात्र जागचा हलला नाही. अहवालात त्याने केव्हाच आपल्या जुन्या सर्वेक्षणातला आकडा भरून टाकला होता.

"मॅडम, घाबरू नका," तो देवतळेबाईंना समजुतीच्या सुरात म्हणाला. "माझं उत्तर जुळलं आहे."

केतकीने त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत बाहेर नेलं.