खाटेवरचा ठिपका

घरात माणूस कुठे आहे ते भिंतीआडूनही सांगणारं यंत्र बसवणं हा त्याचा धंदा. कॅमेरा नाही की काही नाही. कोपऱ्यांत डब्या लावायच्या. त्यांच्या रेडिओलहरी घरभर फिरतात आणि माणूस मोबाइलच्या नकाशावर ठिपका होऊन दिसतो. बाबांना विसरायला व्हायला लागलं, तशा कालच त्याने त्या घरीही लावल्या.

आज दुपारी कामावरून त्याने मोबाइल पाहिला. ठिपका खाटेवर होता. तो निर्धास्तपणे जेवला. मग धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, दार सताड उघडं आहे. बाबा घरात नाहीत."

"नीट बघ. खाटेवरच आहेत."

"अरे, मी खाटेपाशीच उभी आहे..."

तो धावतपळत पोचला तोवर ती बाबांना शोधायला बाहेर पडली होती. खाट रिकामी, ठिपका मात्र तिथेच. मग त्याला उमगलं आणि पायाखालची जमीन सरकली. यंत्राला आधी रिकामं घर शिकवावं लागतं, सगळ्यांना बाहेर काढून. गिऱ्हाइकांना तो हे बजावून सांगायचा. घरी मात्र झोपलेल्या बाबांना उठवणं त्याच्या जिवावर आलं होतं. यंत्राने झोपलेले बाबा म्हणजेच रिकामं घर, असं धरलं. म्हणून ते गेले तेव्हा ठिपका उमटला. अख्खी दुपार तो बाबांचं नसणं बघून खूश होता! त्याने कपाळ बडवून घेतलं.

तेवढ्यात त्या ठिपक्यातून आणखी एक ठिपका उठला.

नसणं कधी चालत नाही. हा ठिपका सावकाश चालत आला आणि त्याच्या स्वतःच्या ठिपक्याला खेटून थांबला. समोर कुणी नव्हतं. बंद खोलीसारखा कोंदट वास तेवढा आला.

"बाबा...?" त्याला रडू फुटलं. "बाबा, गेलात का हो...?"

फोन वाजला. "दादा, सापडले! बागेतल्या बाकावर बसले होते. धडधाकट आहेत, घेऊन येते."

बाबांना आणून खाटेवर निजवलं. आता यंत्राच्या हिशेबाने खाट पडद्यावर रिकामी दिसायला हवी होती, तशी ती दिसली. दोघा भावंडांचे दोन ठिपके होते. तिसरा बाबांच्या उशाशी होता.

त्याने डब्यांची एकूण एक वायर उपटली. नकाशावरचे सगळे ठिपके विझले. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

बाबा मिटल्या डोळ्यांनीच भिंतीकडे सरकले. शेजारी एका माणसाची जागा केली, पांघरूण उचलून धरलं, आणि जरा वेळाने ते कुणाच्या तरी अंगावर हलकेच घातलं.